कुणापैकी म्हणायचं? अनोळखी माणसाचा अंदाज आपण कसा घेतो

कोल्हापुरातून गारगोटीला निघालेली एसटी. एका बाकावर दोघं, आधी कधी एकमेकांना न पाहिलेले. कंडक्टर तिकीट देऊन पुढं सरकतो आणि खिडकीकडचा बोलायला लागतो.

"पाव्हणं, कुठं निघालासा?"

"गारगोटीला."

"गारगोटीचंच म्हणायचं?"

"न्हाई, मूळ आजऱ्याकडचं. मेव्हणा असतोय गारगोटीत. तुम्ही?"

"आम्ही कागलचं. आजऱ्यात कुणापैकी?"

तो आडनाव सांगतो, भावकी सांगतो.

"त्या घरातलं एक मास्तर आमच्या शाळंत हुतं की!"

"चुलता माझा त्यो."

"मग घरातलंच निघालासा की! घनसाळ लावताय का अजून?"

याला दोन मिनिटंही लागत नाहीत, गाडी अजून शहराबाहेर पडलेली नसते. पण तेवढ्यात दोघांच्या मनातले बरेच प्रश्न मिटलेले असतात. हा माणूस कोण, याच्याशी कुठल्या सुरात बोलायचं, झोप लागली तर पिशवी याच्या भरवशावर राहील का. आपण याला गप्पा म्हणतो. संवादशास्त्राचे अभ्यासक याला अनिश्चितता कमी करणं म्हणतात.

ही मांडणी चार्ल्स बर्जर आणि रिचर्ड कॅलब्रीझ या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९७५ मध्ये केली. त्यांचं म्हणणं असं की अनोळखी माणसासमोर छाप पाडणं किंवा मैत्री जोडणं या नंतरच्या गोष्टी. आधी हवा असतो अंदाज: हा आता काय करेल, आणि करतोय ते का करतोय. यातला 'काय' लवकर उलगडतो. 'का' कळायला महिने जातात, कधी वर्षं.

मुळात ही कल्पना आली माहितीशास्त्रातून. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहिती मोजण्याची रीत दिली. सोपं करून सांगायचं तर जी गोष्ट शक्यता छाटते ती माहिती, आणि जितक्या जास्त छाटते तितकी ती मोठी. कोल्हापूर जिल्ह्यात तालुके १२. समोरचा जिल्ह्यातलाच आहे एवढंच ठाऊक असेल तर १२ शक्यता. हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारत गेलात तर तालुका सापडायला जास्तीत जास्त ४ प्रश्न लागतात. 'गाव कुठलं?' या एकाच प्रश्नात १२ चा १ होतो, वर गावही कळतं. आपल्याकडं पहिला प्रश्न गावाचा असतो त्यात भोचकपणापेक्षा काटकसर जास्त आहे.

अनिश्चितता दोन जागी असते. एक वागण्यातली: आत्ता, या क्षणी काय करायचं? हात पुढं करायचा की नमस्कार, बसायचं की उभं राहायचं. दुसरी मनातली: हा माणूस कसा आहे, याची मतं काय? पहिलीवर आपण रीतिरिवाजांनी मात केली आहे. घरी आलेल्याला आधी पाणी द्यायचं, मग 'कसं काय, बरं हाय न्हवं?', मग चहा. कुणी काय करायचं हे ठरलेलं असल्यामुळं पहिली पाच मिनिटं कुणालाच विचार करावा लागत नाही. तो वेळ डोळ्यांना मिळतो. कुस्ती बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात सलामी झाली की पैलवान लगेच डाव टाकत नाहीत, आधी खडाखडी चालते. हात झटकायचा, मानेवर वजन टाकून बघायचं, समोरचा कुठल्या पायावर भार देतोय ते जोखायचं. नवखा प्रेक्षक कंटाळतो. जाणकार तेव्हाच डोळे ताणून बघत असतो.

आता बसमधल्या त्या बोलण्याकडं जवळून बघू.

'गारगोटीचंच म्हणायचं?' हा प्रश्न थेट नाही. विचारणाऱ्यानं स्वतःच एक अंदाज पुढं केला आणि तो दुरुस्त करायची मोकळीक दिली. चुकीचा अंदाज दुरुस्त करताना माणूस सहसा मागितलं त्यापेक्षा जास्त सांगतो. इथं एका 'न्हाई'बरोबर मूळ गाव आणि मेव्हणा दोन्ही आले. शिवाय 'तुम्ही कुठले?' याची धार 'म्हणायचं'मुळं बोथट होते. चौकशी होते, पण चौकशीसारखी वाटत नाही.

मग त्यानं 'तुम्ही?' म्हणून प्रश्न परत केला. बर्जर-कॅलब्रीझ यांच्या मूळ मांडणीत सात गृहीतकं होती आणि त्यांच्या जोड्या लावून काढलेली २१ प्रमेयं. सगळी इथं उतरवण्यात अर्थ नाही, पण हे एक बाकावरच दिसतं: अंदाज जितका कमी, तितकी देवाणघेवाण रोखीची. मी गाव सांगितलं, तू गाव सांग, आणि आत्ताच सांग. ओळख मुरली की उधारी चालते. आज मी तासभर रडगाणं गातो, तुझं पुढच्या महिन्यात ऐकेन. नव्या ओळखी फसतात त्या बऱ्याचदा याच जागी. एकजण सलग पाच प्रश्न विचारतो, स्वतःचं काहीच देत नाही आणि समोरच्याला वाटतं, हा पोलीस आहे की विमा एजंट? दोन प्रश्न झाले की स्वतःचं एक काहीतरी सांगावं, आणि ते साधारण तेवढ्याच खोलीचं असावं. त्यानं गाव सांगितल्यावर आपण घटस्फोट सांगितला तर तो खिडकीबाहेर बघू लागतो.

खोलीचंही एक गृहीतक आहे: अनिश्चितता जास्त असेल तेव्हा विषय वरवरचे राहतात. वरवरचं कशाला म्हणायचं ते मात्र ठिकाणागणिक बदलतं. आपल्याकडं पहिल्या भेटीत पगार विचारला तरी कुणी दचकत नाही. कर्ज किती आहे हे मात्र सख्खा भाऊही जपून विचारतो.

'घनसाळ लावताय का अजून?' या संवादातला सगळ्यांत चांगला प्रश्न हाच. आधीच्या उत्तरातला 'आजरा' त्यानं उचलला आणि त्याच धाग्याला पुढचा प्रश्न जोडला. आजरा घनसाळ हा तिथला नावाजलेला सुवासिक तांदूळ. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की जास्त प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला अधिक आवडतात, आणि त्यातही आधीच्या उत्तराला धरून विचारलेले प्रश्न विशेष काम करतात. कारण उघड आहे. असा प्रश्न ऐकल्याशिवाय विचारताच येत नाही. नोकरी-शिक्षण-लग्न अशी यादी वाचल्यासारखे प्रश्न विचारले की उत्तरं मिळतात, माणूस हाती लागत नाही.

आणि 'मास्तर'. दोघांना ओळखणारा तिसरा सापडला की अनिश्चितता एकदम कोसळते. सामाईक माणसांचा हा मुद्दा मूळ सातांत नव्हता. माल्कम पार्क्स आणि मारा एडेलमन यांच्या १९८३ च्या कामानंतर तो आठवा म्हणून जोडला गेला. कोल्हापुरात तो बहुधा पहिलाच धरावा लागेल. दोन अनोळखी माणसं मास्तर, तालीम, सोसायटी किंवा सोयरीक असं करत कुठंतरी जुळेपर्यंत शोध सोडत नाहीत.

या जुळण्याची एक किंमत आहे, ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. परक्या माणसाला लोक कधीकधी घरच्यांनाही न सांगितलेलं सांगून टाकतात, हे समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०८ मध्येच लिहून ठेवलं आहे. परका पुन्हा भेटणार नसतो, त्याच्याकडून गोष्ट फिरून आपल्या गल्लीत येणार नसते. म्हणून एसटीत कुणी भावाबरोबरचा बांधाचा खटला अथपासून इतिपर्यंत सांगतो. पण 'चुलता माझा त्यो' हे शब्द आले की ते दार बंद. आता बोललेलं आजऱ्याला पोचणार. विश्वास वाढला आणि मोकळेपणा आटला, दोन्ही एकाच वाक्यानं.

आता 'कुणापैकी?'कडं येऊ. हा प्रश्न भावकी विचारतो आणि भावकीच्या आडून जातही. साम्य दिसलं की अनिश्चितता कमी होते, असं सिद्धांत सांगतो, आणि ते खरंच आहे. पण खात्री वाटणं वेगळं आणि अंदाज बरोबर येणं वेगळं, ही इथली मेख आहे. पाटील हे आडनाव या जिल्ह्यात मराठ्यांत आहे, जैनांत आहे, लिंगायतांत आहे, इतरांतही आहे. आडनावावरून जात ताडणारा तिथंच घसरू शकतो. आणि जात बरोबर ताडली तरी हा माणूस उसने पैसे परत देईल का, रात्री घोरेल का, शब्दाला जागेल का, यातलं काहीच कळत नाही. 'आपल्यातला आहे' म्हटल्याबरोबर पुढचे प्रश्न विचारणं थांबतं, नुकसान होतं ते त्यामुळं. गावाकडच्या व्यवहारांत फसवणूक झालेला माणूस हमखास म्हणतो, 'पाव्हण्यातलाच होता हो!' उलट बाजूनं तर जास्तच वाईट होतं. परक्या जातीचा म्हणून ज्याला काही विचारलंच गेलं नाही, त्याच्याबद्दल समाज शतकानुशतकं पक्क्या खात्रीनं चुकत राहिला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात कोल्हापूरचे राजे शाहू महाराज स्वतः थांबून चहा घेत, आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावत. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत प्यालेला तो कप पेठेतल्या 'खात्री'ला छेद देणारी माहिती होती.

प्रत्येक अनोळखी माणसाची एवढी चौकशी आपण करत नाही. करतो ती तीन कारणांपैकी एखादं असेल तर: तो पुन्हा भेटणार असेल, त्याच्या हातात आपलं काही असेल, किंवा त्याचं वागणं चौकटीबाहेरचं असेल. बिंदू चौकात पत्ता विचारणाऱ्याचं आडनाव कोण विचारतं? पण तोच माणूस भर दुपारी आपल्या गल्लीत तिसरी चक्कर मारताना दिसला की कट्ट्यावरचे म्हातारे हाक मारतात, 'काय रं, कुणाकडं?'

तिन्ही कारणं एकत्र येतात खोली भाड्यानं घेताना. शिवाजी विद्यापीठात शिकायला आलेली एक मुलगी राजारामपुरीत खोली बघते आहे असं धरू. अनोळखी माणसाबद्दल माहिती काढायच्या तीन वाटा बर्जर सांगतात, त्या तिन्हींची इथं गरज पडते.

पहिली वाट नुसतं बघण्याची. यात एक बारकावा आहे: माणूस एकटा असताना बघून फारसं कळत नाही, तो दुसऱ्याशी वागताना बघावा. घरमालक खुर्चीत बसून पेपर वाचताना सगळेच सज्जन दिसतात. भांडीवाल्या मावशी उशिरा आल्यावर, किंवा वरच्या मजल्यावरच्या मुलीनं फाटक उघडं टाकल्यावर ते काय बोलतात, ते बघायचं. दुसरा बारकावा, माणूस सैल असताना बघावा. ठरवून दिलेल्या वेळी घर आवरलेलं असतं आणि माणसंही. म्हणून खोली दोनदा बघावी: एकदा सांगून, सकाळी पाण्याच्या वेळेला, आणि एकदा संध्याकाळी साडेसात-आठला, 'इकडून जात होते म्हणून डोकावले' म्हणत. जिन्यात चपला किती, टीव्हीचा आवाज किती, दिवे कुठं बंद. या वाटेचे तोटे दोन, वेळ लागतो आणि कारण कळत नाही. मालक ओरडताना दिसले. ते नेहमी ओरडतात की आजच, ते बघून समजत नाही.

दुसरी वाट तिसऱ्याला विचारण्याची. कोपऱ्यावरचा किराणावाला, इस्त्रीवाला, आणि सगळ्यांत मोलाचा, नुकताच खोली सोडून गेलेला भाडेकरू. 'मालक कसे आहेत?' असं विचारू नये. 'चांगले आहेत' हे उत्तर ठरलेलं असतं. घटना विचारावी: तुम्ही का सोडली? डिपॉझिट किती दिवसांत परत मिळालं, किती कापलं? घरचे राहायला आले तेव्हा काय म्हणाले? एकाच माणसाचं ऐकून ठरवू नये. तो दुखावलेला असू शकतो किंवा मालकाचा साडू. आणि आपण विचारलं ही बातमी मालकांपर्यंत पोचतेच, त्यामुळं उद्या त्यांच्या तोंडावर बोलता येईल तेवढंच किराणावाल्यापाशी बोलावं.

तिसरी वाट थेट बोलण्याची. इथली चूक म्हणजे उत्तर प्रश्नातच घालून देणं. 'पाण्याचा त्रास नाही ना?' याला 'छे, काहीच नाही' एवढंच उत्तर येतं. 'पाणी किती वाजता येतं, किती वेळ असतं, टाकी किती लिटरची?' असं विचारलं की माणसाला आकडे द्यावे लागतात. आकडे चुकले तर कळतात. स्वतःची अडचण आधी सांगितली की पुढच्यालाही बोलावं लागतं: 'मला आठवड्यातून दोनदा ग्रंथालयातून यायला नऊ वाजतात. फाटक किती वाजता लावता?' हे पहिल्याच दिवशी विचारायला संकोच वाटतो. तिसऱ्या महिन्यात रात्री सव्वानऊला फाटकाबाहेर उभं राहून ते विचारणं जास्त अवघड असतं.

मालकांची अनिश्चितताही तेवढीच असते, हे भाडेकरू विसरतात. पैसे वेळेवर येतील का, एकीच्या नावावर चौघी राहतील का? आधार कार्ड, कॉलेजचं ओळखपत्र आणि गावाकडचा एक फोन नंबर न मागता पुढं ठेवला तर निम्मी घासाघीस तिथंच संपते. लेखी करार, त्याची नोंदणी, पोलिसांकडं भाडेकरूची माहिती देणं, हे सगळं याच कामाची सरकारी रूपं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. 'आपल्यात कशाला कागद?' असं मालकांनीच म्हटलं, तर तीही माहितीच.

हल्ली चौथी वाटही आली आहे: नाव टाकून फोनवर शोधणं. ती स्वस्त आहे, समोरच्याला पत्ता लागत नाही. पण कुठल्या माहितीला किती वजन द्यायचं? जोसेफ वॉल्थर आणि माल्कम पार्क्स यांनी २००२ मध्ये याला एक उपयोगी कसोटी सुचवली: जी माहिती त्या माणसाला स्वतः सहज बदलता येत नाही, ती जास्त विश्वासाची. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर हे रोज दिसतं. तिथं 'दूध ताजं आहे' असा बोर्ड कुणी वाचत नाही. म्हैस समोर उभी असते, धार समोर काढली जाते आणि फेसाळ ग्लास हातात येतो. विकणाऱ्याच्या शब्दावर काही अवलंबूनच नाही. डीपी, स्टेटस आणि विवाहस्थळाच्या माहितीपत्रकातलं 'स्वभावानं मनमिळाऊ' म्हणजे बोर्ड. मित्रांनी पाच वर्षांपूर्वी टाकलेले गणेशोत्सवाचे फोटो, त्याखालची चेष्टामस्करी, कुणाच्या दुःखाला हा धावून गेला का, हे धारेच्या जवळचं. समोर काढलेल्या धारेची सर त्यालाही नाही.

सिद्धांतावर आक्षेपही झाले. १९८६ मध्ये मायकेल सनाफ्रँक यांनी म्हटलं, माणूस निव्वळ अंदाज यावा म्हणून बोलत नाही. या ओळखीतून पुढं काय हाती लागेल हे तो तोलतो आणि फायदा दिसेना झाला की चौकशी बंद करतो. १९९० मध्ये कॅथी केलरमन आणि रॉडनी रेनॉल्ड्स यांना आढळलं की माहिती नसणं पुरेसं नाही, ती हवीशी वाटली पाहिजे. वडगावला उतरणाऱ्या सहप्रवाशाबद्दल आपल्याला काहीच माहीत नसतं आणि त्यावाचून काही अडतही नाही. विल्यम गुडीकुन्स्ट यांनी आणखी एक पैलू दाखवला: अनिश्चितता फार असली तर माणूस घाबरून बोलणं टाळतो, अगदीच नसली तर कंटाळतो आणि गाफील होतो. दोन्ही टोकांच्या मधे बोलणं बरं चालतं.

ओळख जुनी झाली म्हणून अनिश्चितता संपते असंही नाही. सॅली प्लॅनाल्प आणि जेम्स हनीकट यांनी १९८५ मध्ये नेमकं हेच तपासलं: जवळच्या माणसाबद्दलचा अंदाज एखाद्या घटनेनं उधळला तर काय होतं? विश्वासघात, लपवलेली गोष्ट, अचानक बदललेला स्वभाव. अशा वेळी आपण कधीकधी अनोळखी माणसाला विचारतो तेवढेही प्रश्न विचारत नाही, कारण उत्तराची भीती वाटते. मग दुसऱ्या वाटेनं, म्हणजे वहिनीकडून, मित्राकडून काढायला जातो आणि ते त्याला कळतं. इथं थेट बोलण्याला पर्याय नाही. ते लवकर झालेलं बरं.

राहिला निरोप. बोलणं संपताना दोघांनाही एक शंका असते: आपण याला बरे वाटलो का? एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की पहिल्या बोलण्यानंतर लोक हा अंदाज सरसकट कमी धरतात. समोरच्याला आपण जेवढे आवडलेलो असतो, तेवढे आवडलो असं आपल्याला वाटत नाही. त्यामुळं निरोपाचे शब्द कानात घोळतात. 'या एकदा घराकडं' याचा अर्थ बोलणं छान झालं, एवढाच. कुणी पिशवी घेऊन निघत नाही. यात वार आला, 'रविवारी या', तर आमंत्रण निम्मं खरं. फोन नंबर घेऊन लगेच मिस्ड कॉल दिला तर त्याहून खरं. आणि मुदाळ तिट्टा मागं पडल्यावर, गाडी गारगोटीत शिरताना, उतरायला उठलेला कागलकर मागं वळून विचारतो, "रविवारी येताय म्हणा... मटण खाताय न्हवं?" तेव्हा चूल पेटलीच म्हणून समजा.